बसण्यापुरती कातडी

लोकांना माझा चेहरा आठवतो, मला त्यांच्या पाठी आठवतात. पौडच्या बाजारात एखादी बाई "सिस्टर, वळखलं का?" म्हणत समोर उभी राहते. मी हसते, मान हलवते आणि मनात म्हणते, जरा वळून उभी राहिलीस तर ओळखीन.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मी परिचारिका होते आणि तिथूनच निवृत्त झाले. वॉर्डातली सगळी कामं केली, पण एक काम हळूहळू माझ्याकडेच येत गेलं. जे रुग्ण स्वतःहून कुशीवर वळू शकत नाहीत, त्यांची कातडी सांभाळायचं. पाठ, कंबर, बैठक, टाचा. "बाळंतपणं केली" असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उजळतो. "पाठी सांभाळल्या" म्हटलं की तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. पुढचं वाक्य नसतंच, तेवढंच काम असतं.

कातडीबद्दल सर्वसाधारण समज असा, की ती वरची पिशवी आहे आणि खरा माणूस आत आहे. तसं नाही. कातडी कामावर असते. तिला जेवण लागतं आणि ते तिला आतून, रक्तातून मिळतं. वरून तेल लावा, मलम लावा, त्याने ती मऊ राहील, पण पोट भरत नाही. आपण झोपतो किंवा बसतो तेव्हा आतून हाड आणि बाहेरून गादी अशी दोघांच्या मधे ती दाबली जाते आणि तेवढ्या जागेचं रक्त थांबतं. थोड्या वेळाने तिथे रग लागते आणि आपण नकळत कूस बदलतो. सभेत बसलेली माणसं सारखी चुळबुळ करतात ती भाषणाला कंटाळून, असं वक्त्याला वाटतं. पुष्कळदा ती कातडीने केलेली जेवणाची मागणी असते. ज्याच्या नसा तुटल्या, ज्याला लकवा झाला, त्याच्यापर्यंत ही मागणी पोचत नाही. तो हलत नाही. कातडी उपाशी मरते, आणि ती आधी मरते आत, हाडाजवळ. वर बोराएवढा काळा डाग दिसतो तेव्हा खाली बहुधा पोकळी झालेली असते.

आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असे, "त्वचेवर लाली दिसते का, ते पाहावे." ती पुस्तकं गोऱ्या लोकांच्या देशात लिहिलेली. आमच्या वॉर्डातल्या उन्हाने रापलेल्या पाठींवर लाली दिसायची नाही. दिसायचा तो जांभळट काळपट डाग, तोही उशिरा. म्हणून मी डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवायला शिकले. तळव्याने नव्हे, बोटांच्या मागच्या बाजूने, ताप बघतात तसं. आसपासच्या कातडीपेक्षा जागा गरम लागली, टणक लागली, की समजायचं.

या कामात माणसं नाना तऱ्हेची भेटली. लवळ्याच्या वसतिगृहातला एक विद्यार्थी पायाच्या प्लास्टरमध्ये खाज सुटली म्हणून फूटपट्टी घालून खाजवायचा. एक दिवस पट्टीचा तुकडा आतच मोडला आणि त्याने तो लाजेपोटी कुणाला सांगितला नाही. प्लास्टर कापल्यावर पोटरीवर सेंटिमीटरच्या रेघा उमटलेल्या होत्या. धरणाकाठच्या एका बंगल्यात बटण दाबलं की वरखाली होणारा पलंग होता आणि त्यावरच्या आजोबांच्या दोन्ही टाचा काळ्या पडल्या होत्या. त्यांच्या मुलाला मी म्हटलं, पोटऱ्यांखाली एक उशी ठेवा, टाचा अधांतरी राहू द्या. तो म्हणाला, "फक्त उशी?" एवढ्या साध्या उपायाने त्याचं समाधान होईना.

निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त काम मी घरात केलं. माझे पती सुधाकर भूगोल शिकवायचे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. वाचा गेली, नजर राहिली. मी त्यांना वळवत राहिले. ते गेले त्या दिवशी अंघोळ घालताना माझ्या नणंदेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "वहिनी, अंगावर एक डाग नाही हो." मला अभिमान वाटला. आणि लगेच त्या अभिमानाचा इतका राग आला, की मी उठून बाहेर गेले. कातडी अखंड ठेवून मी माणूस हरवला होता.

बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली. घरात पुस्तकं भरपूर आहेत. दुःखात वाचावं, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले. मला तेव्हा अक्षरं दिसायची, वाक्य दिसायचं नाही. कुणी कामाला बोलावलं तर मी नाही म्हणायची.

अशातच एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. मुठा गावाहून आली होती. पायांत चिखल, हातात मेथीची जुडी.

"तुमी त्या पाठीच्या शिस्टर ना?"

"होते. आता काम सोडलंय."

"काम नका करू," ती म्हणाली. "नुस्तं बगा."

तिचं नाव मंदा. नवरा बबनभाऊ आदल्या वर्षी पावसाळ्याआधी घराची कौलं चाळताना वरून पडला होता. कणा मोडला. कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यातून चाकाची खुर्ची घेऊन घरी आला आणि आता त्याला बैठकीला जखम झाली होती. डॉक्टरांनी ती साफ करून दिली होती, सगळं नीट समजावलं होतं. पण मुठ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं "बसू नका" एवढंच शिल्लक राहिलं होतं.

मी नुसतं बघायला गेले.

घर रस्त्याला लागून, पुढे ओटा, ओट्यासमोर भाताची खाचरं. आत शिरताच उदबत्तीचा दाट वास आला. जिथे दिवसा इतक्या उदबत्त्या लागतात तिथे काय झाकायचं असतं, ते मला माहीत आहे. बबनभाऊ खाटेवर उताणे पडले होते. पन्नाशीचा माणूस, खांदे आणि दंड अजून नांगर धरलेल्या माणसाचे. उशाशी त्यांची आई बसली होती.

"या शिस्टर," ते म्हणाले. "मला तर कायबी दिसत न्हाई आनि कळत बी न्हाई. लोकं नाक दाबून सांगत्यात की लई वंगाळ हाय."

अंथरूण पाहिलं. गोधडीखाली खताच्या रिकाम्या पिशव्या उसवून, एकमेकींना शिवून पसरल्या होत्या. मुठा खोऱ्यात पावसाळाभर गोधडी वाळत नाही, ती ओली होऊ नये म्हणून ही युक्ती. गोधडी वाचली होती. माणूस मात्र आपल्याच घामात भिजत होता. कमरेखाली मोटारसायकलची हवा भरलेली ट्यूब होती. ट्यूबच्या भोकात जखम मोकळी राहते असं वाटतं. प्रत्यक्षात ट्यूबची कड चहूबाजूंनी रक्त अडवते.

जखम कशी झाली ते मंदाने सांगितलं आणि ते ऐकून मला कुणावर रागवावं ते कळेना. बबनभाऊ पहिल्यांदा खुर्चीवर बसले तेव्हा घरात सण झाला होता. कित्येक महिन्यांनी घरचा माणूस ओट्यावर बसलेला दिसला. सकाळच्या चहाला त्यांना बाहेर आणायचे ते दिवस मावळताना आत न्यायचे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबायचा, हात मिळवायचा. पाव्हणे भेटायला यायचे. कुणाच्या मनातही आलं नाही की हा माणूस बसलाय तो दोन हाडांवर बसलाय आणि ती हाडं तक्रार करणार नाहीत. त्याला सगळ्यांनी मिळून आनंदाने जखमी केलं होतं.

मंदाने त्यांना जरा कुशीवर कलतं धरलं, मी हातमोजे चढवले. उजव्या बैठकीच्या हाडावर लिंबाएवढं तोंड होतं. बोट आत घातलं तर बाजूला पोकळी लागली. तळाशी जपून चाचपलं. हाड लागलं नाही. हाड उघडं पडलेलं असलं, की बोटाला खरखरीत लागतं आणि मग आमच्या हातात काही राहत नाही.

"भरेल," मी म्हटलं.

"मंग बसंन का मी?"

मंदा, तिची सासू, दारात उभी असलेली घरातली मुलगी, तिघी माझ्याकडे बघत होत्या. त्या घराला एवढाच प्रश्न होता. चालण्याचं कुणी विचारत नव्हतं. बसता आलं असतं तर बबनभाऊ पुन्हा माणसांत आले असते. नाही तर हीच खाट आणि हीच उदबत्ती.

"बसाल. पण त्यासाठी आधी बसणं पूर्ण सोडायचं. आणि उताणं झोपणंसुद्धा."

"मंग ऱ्हायलं काय?"

"पालथं आणि डावी कूस. आलटून पालटून."

"पालथं? पालीगत?"

"पालीसारखं."

"किती दिस?"

"भात कापणीपर्यंत तरी धरा."

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पालीला निदान भितीवर चडता येतं."

त्यांना वळवायला दोन माणसं लागत. मंदा पाणी तापवायला गेली होती, म्हणून मी त्यांच्या आईला हाक मारली. ती उठली, पण आधी तिने चौकशी केली.

"आडनाव काय म्हनला तुमचं?"

"गायकवाड."

गायकवाडांवरून काही कळत नाही. "आनि म्हायेर?"

"नेऱ्याचं. कांबळे."

"हां," ती म्हणाली. हा "हां" मी लहानपणापासून ओळखते.

भारी माणसाला घसरू न देता वळवायचं तर दोघींनी त्याच्या अंगाखालून हात घालायचे आणि एकमेकींची मनगटं धरायची. नुसती बोटं गुंफली तर निसटतात. मी हात घातले आणि थांबले. म्हातारी क्षणभर उभी राहिली. मग तिने पदर खोचला, वाकली आणि माझी मनगटं इतकी घट्ट धरली, की वळ उठले.

"हात गार हायेत बाई तुमचं," ती म्हणाली. आम्ही बबनभाऊंना पालथं केलं.

प्लास्टिक काढून टाकलं. गोधडीऐवजी जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या घातल्या, त्या चुलीच्या उबेवरही तासाभरात सुकतात. खाट फिरवून डोक्याची बाजू दाराकडे केली, छातीखाली उशी दिली. हनुवटी टेकवली की दारातून सरळ खाचरं दिसू लागली. जखम कशी धुवायची ते मंदाला दाखवलं. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी आणि स्वच्छ कापूस. हळद नको, पावडर नको, स्पिरिट तर मुळीच नको, कारण ते नवी येणारी कोवळी कातडीही जाळतं. भोवताली चोळायचं नाही. रोज अंडं, डाळ, शेंगदाणे, कारण जखम भरायला लागणारा माल पोटातूनच येतो.

आठवड्याने गेले तर लुगड्याच्या घडीवर पिवळे डाग.

"हळद कुणी लावली?"

बबनभाऊ उशीत तोंड घालून हसत होते, म्हणजे कळलंच. म्हातारीने हनुवटी वर केली. "हळद-लोनी हाय. घरचं. त्यानं कुटं वाईट व्हतंय? आनि सारकं सारकं त्येला काय पालटायचं? झोपलंय पोरगं, झोपू द्या की. तुमाला दया न्हाई."

मी खाटेशेजारी बसले. गोठ्यात आता बैल नव्हते, भाताची चिखलणी छोट्या यंत्राने होत होती. पण भिंतीला जू अजून टांगलेलं होतं.

"आजी, तुमच्या बैलाला कधी खांद आली होती का?" जुवाखाली घासून बैलाचा खांदा सुजतो, फुटतो, त्याला इकडे खांद येणं म्हणतात.

"आली की. पाखऱ्याला आलती."

"काय केलंत?"

"ह्येच. हळद-लोनी."

"आणि जू?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. उत्तर खाटेवरून आलं.

"जू काडलं हुतं, आये. म्हैनाभर काडलं हुतं. तवा भरली." उशीवर हनुवटी टेकवत बबनभाऊ म्हणाले, "जू ठिवून लोनी लावलं अस्तं तर बैल मेला अस्ता." मग मान वळवून माझ्याकडे बघत, "मंजी हितं बैल बी मीच आनि जू बी मीच. हाय का न्हाई शिस्टर?"

वॉर्डात मी इतकी वर्षं तक्ते लावून, चित्रं काढून हेच सांगत होते. इतकं नीट मला कधी सांगता आलं नव्हतं.

त्या दिवसापासून म्हातारी पहारेकरी झाली. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण दिवस कळत होता. दूधवाल्याची गाडी आली की पालथं. कंपनीची बस गेली की डावी कूस. शाळा सुटली की पालथं. दुपारनंतर दूरदर्शनवरच्या मालिका. "सून घर सोडून चालली बग, पालट त्येला," असा हुकूम सुटायचा आणि मंदा हातातलं टाकून धावायची. एकदा मालिकेच्या जागी क्रिकेटचा सामना लागला तेव्हा म्हातारी इतकी गोंधळली, की तिने बबनभाऊंना दोनदा लागोपाठ वळवायला लावलं.

लावणी आली. बबनभाऊ दारातून बघत होते आणि पालथ्या माणसाचा आवाज इतका लांब जातो हे गावाला तेव्हाच कळलं. "अगं ए, रोपं काय वडाची झाडं हायेत व्हय, यवड्या लांब लांब लावतीस?" बायका खाचरातून ओरडायच्या, "भावजी, तुमी या लावाया!" ते म्हणायचे, "आलो अस्तो, पर शिस्टरनं बांदून ठिवलंय." जखमेचा तळ तोवर लालबुंद, दाणेदार झाला होता. वाळूसारखे बारीक दाणे, डाळिंबाच्या रंगाचे. मी त्यांच्या फोनवर फोटो काढून त्यांना दाखवला. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला.

"चांगलं हाय ह्ये?"

"फार चांगलं."

"मला वंगाळच दिसतंय. पर तुमी हसताय मंजी आसंल."

मी हसत होते हे मला त्यांच्याकडून कळलं.

एकदा मी कापूस आवरत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "शिस्टर, मास्तरांची पाठ कशी हुती?"

मंदाने डोळ्यांनी दटावलं, पण पालथ्या माणसाला ते दिसलं नाही.

"चांगली होती. शेवटपर्यंत."

"मंग गेलं कशानं?"

"मेंदूत रक्तस्राव झाला होता. पुन्हा झाला."

"मंजी पाठ धड ऱ्हाऊन बी मानूस जातंय."

"जातं."

"आनि ठावं असून तुमी यवड्या लांब माज्यासाटी येताय."

बाहेर बायका पायांवरचा चिखल धूत होत्या. मी खरं ते सांगितलं. "मला पाठीचंच काम येतं, बबनभाऊ. बाकीच्याला माझा इलाज नाही."

"बरं हाय," ते म्हणाले. "मला पाठीचाच इलाज पायजेल हाय."

घरी परतताना गाडीत मी पुस्तक उघडलं. पिरंगुट येईपर्यंत पानं उलटली होती आणि काय वाचलं तेही लक्षात होतं.

कापणी झाली तेव्हा जखमेचं तोंड मिटलं होतं. पण मिटलेली जखम म्हणजे बरी झालेली जखम नव्हे. वर आलेली कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते, गुलाबी आणि चकचकीत. ती जून व्हायला वेळ लागतो, आणि जून झाली तरी पहिल्या कातडीइतकी ताकद तिच्यात कधीच येत नाही. तिला जन्मभर जपावं लागतं. मी बजावलं, अजून बसायचं नाही.

नेमका तेव्हाच पूजाचा साखरपुडा ठरला. पूजा ही बबनभाऊंची मुलगी, सुरुवातीला दारात उभी राहून बघणारी. मुलगा घोटवड्याचा, पिरंगुटच्या कारखान्यात कामाला. मुलीच्या बापाने पाटावर बसून होणाऱ्या जावयाला गंध लावायचं, टॉवेल-टोपी द्यायची, ही इथली रीत. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी गेले तर खुर्ची पुसून, तिला झेंडूची माळ बांधून ओट्यावर ठेवलेली.

"एक घटकाभर," मंदा म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "पोरीचा बाप हाय वो. चार मानसांत आडवा कसा दिसंल? तितल्या लोकांनी म्होरं पोरीला बोल लावला तर?"

मी बबनभाऊंना पाहिलं. ते खुर्चीकडे बघत होते. त्या खुर्चीवर बसण्यासाठीच तर ते पावसाळाभर पालथे पडले होते.

नको म्हणणं सोपं होतं आणि माझ्या हक्काचंही होतं. पण घर त्यांचं, मुलगी त्यांची, कातडीही त्यांचीच. मी म्हटलं, "फोटो काढते. बघा आणि तुम्हीच ठरवा."

फोटो काढला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. नवी कातडी इतकी पातळ होती, की खालच्या शिरा दिसत होत्या. त्यांनी फोन उलटा ठेवला.

"माळ खाटंला बांदा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खाट मांडवात मधोमध आणली. बबनभाऊ पालथे, अंगात नवा सदरा, डोक्यावर फेटा, छातीखाली दोन उशा. पाव्हण्यांत कुजबुज सुरू झाली. मुलाचे चुलते उघडच बोलले, "पालथ्या मानसाच्या हातनं गंद? शुब न्हाई दिसत. घटकाभर बसवा तरी त्येन्ला."

पूजाने मान खाली घातली. मंदाने हातातलं तबक खाली ठेवलं.

बबनभाऊंनी मान वर केली. "पावनं, तुमच्या घरात ल्हान पोरगं पैल्यांदा पालथं पडलं तवा काय केलं हुतं?"

"काय केलं मंजी?"

"पेडं वाटलं का न्हाई?"

"वाटलं की."

"मंग मी बी आत्ताच पालथं पडाय शिकलोय. पेडा खावा आनि बसा."

सगळ्यात आधी बायका हसल्या. मग मुलगा उठला. चांगला मुलगा. तो खाटेसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, कपाळ बबनभाऊंच्या हाताला येईल इतकं पुढे वाकला आणि डोळे मिटून थांबला. गंध जरा वाकडं लागलं. चुलत्यांनी दोन पेढे खाल्ले.

त्यानंतर महिनाभराने बसणं सुरू केलं. आधी चहाचा कप संपेपर्यंत. उतरवायचं, कातडी बघायची, गरम लागली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. मग दोन कप. खाली जाड फोमची उशी. आणि खरं शिक्षण वेगळंच होतं. खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकवायचे, कोपरं सरळ करायची आणि बैठक हवेत उचलून धरायची, रक्त खाली उतरेपर्यंत. मग टेकायचं. थोड्या वेळाने पुन्हा. दंडांत जोर होताच, पण सवय लागायला फार दिवस गेले, कारण खालून कुणी मागत नव्हतं. तुम्हा-आम्हाला कातडी आठवण करते, त्यांना स्वतःलाच करायची होती. म्हातारी मालिकेतून डोळे न काढता ओरडायची, "उचल!" बबनभाऊ उचलायचे. पुढे पुढे ती ओरडायच्या आतच ते उचललेले असायचे आणि मग तिला करमायचं नाही.

माझं काम तिथे संपलं. पण त्या खोऱ्यात घरोघर फिरून आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईला या गोष्टी कळल्या होत्या. तिने आणखी दोन घरं सांगितली, नंतर आणखी एक. आता मी आठवड्यातून काही दिवस जाते. सगळीकडे हाड वाचलेलं नसतं. काही घरांत मी उशिरा पोचते, तेव्हा वेदना कमी होतील आणि वास कमी होईल एवढंच करता येतं. वॉर्डात हाताशी इतके रुग्ण असताना त्यांच्या घरच्यांशी एवढं बोलायला वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं, असं वाटत राहतं.

वैशाखात पूजाचं लग्न लागलं. मांडव घरापुढच्याच खाचरात, उन्हाने फुफाटा झालेल्या जमिनीवर. मी बायकांच्या बाजूला, म्हातारीच्या शेजारी बसले होते. बबनभाऊ बोहल्याजवळ खुर्चीवर होते, ताठ, फेट्याचा तुरा वाऱ्यावर हलत होता. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली आणि ती संपतच ना. ध्वनिक्षेपक चांगला असला की असं होतं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. म्हातारीही बघत होती, पण तिने तोंड घट्ट मिटलं होतं.

तिसरं मंगलाष्टक चालू असताना बबनभाऊंनी हातातल्या अक्षता मंदाच्या ओंजळीत दिल्या, तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवले, कोपरं ताठ केली. अख्खा माणूस उशीपासून वर उचलला गेला.

मांडवात एकच गलबला झाला. लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नात बाप उभा राहतोय. कुणीतरी मोबाईल वर धरला. भटजी ओळ विसरले. मुलाचे ते चुलते माणसं ढकलत धावत आले आणि त्यांनी बबनभाऊंच्या काखेत हात घातला. "थांबा, थांबा, मी धरतो तुमाला!"

बबनभाऊ तसेच हातांवर तोललेले राहिले. कपाळावर घाम होता. पुरतं रक्त उतरू दिलं, मग सावकाश उशीवर टेकले आणि मंदाकडून अक्षता परत घेतल्या.

"कुटं चाललो न्हाई, पावनं," ते म्हणाले. "बसलोय."